विसावा नमुना

स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये कोणती जनुकं कामाला लागतात आणि कोणती गप्प बसतात, हे मी रक्तात उतरलेल्या खुणांवरून शोधत होते. तुलनेसाठी वीस निरोगी माणसं हवी होती. एकोणीस मिळाली, विसावा म्हणून मी दादाला ओढून आणलं. सुईकडे न बघता बाही वर करत तो म्हणाला, "घे बाई. लहानपणी काय कमी प्यायलीस माझं रक्त!"

आलेखात निरोगी माणसांचे ठिपके एका बाजूला जमले, रुग्णांचे दुसऱ्या. विसावा ठिपका मात्र थेट रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. दादा? दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढणारा माणूस! नळ्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणून मी आमच्या जुन्या तंत्रज्ञ बाईंना फैलावर घेतलं.

"नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी दोनदा ताडून पाहिल्यात," बाई म्हणाल्या. "पुन्हा रक्त घेऊन बघू या का?"

दादाला पुन्हा सुई टोचायचं माझ्या जिवावर आलं. मी तो नमुनाच वगळला. आलेख इतका स्वच्छ आला, की सगळ्यांनी पाठ थोपटली.

चौदा महिन्यांनी दादाचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी त्याच्या स्कॅनवर स्वादुपिंडातल्या गाठीभोवती पेनाने गोल काढला. मग म्हणाले, "याआधी कधी काही तपासणी?"

दादाने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनेच केली होती की, मागच्या वर्षी. काही निघालं असतं, तर ही गप्प बसली असती का?"