धरणावरचा फोन

"तिन्ही संगणकप्रणाली एकाच खुल्या कोडमधून निघाल्या ना? मग एकच ठेवू," संचालक म्हणाले.

केदारने घडवलेली प्रणाली वेगात पहिली, रुक्सानाची सुरक्षेत. इरावतीची दोन्हींत शेवटची, तेव्हा गंडांतर कुणावर, हे शिपायालाही कळलं होतं.

"ताई, निरोपाचा चहा माझ्याकडून," केदार हसला.

इरावतीने भंगारातून उचललेला संगणक टेबलावर आदळला. "आधी तुमच्या यावर चालवा."

केदारची सुरूच झाली नाही. रुक्सानाचीही नाही. इरावतीची रमतगमत उठली आणि कामाला लागली.

"असलं डबडं वापरतं कोण?" संचालक वैतागले.

"धरणावर पाण्याची पातळी मोजणारे. माझी शर्यतीसाठी नाहीच, सर. कुठलंही यंत्र टाकावं लागू नये म्हणून आहे. बंद करताय, हे त्यांना तुम्हीच कळवा."

तिने नंबर लावून फोन पुढे धरला. संचालकांनी हात खिशात घातले.

"केदार, चहा सांग," ते म्हणाले. "निरोपाचा नव्हे."