बुडबुडे आले

लॅबकाकांनी आज अ‍ॅसिडच्या बाटल्यांत नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. दहावीचा वर्ग, चाळीस डोकी. संगमरवराच्या खड्यांवर अ‍ॅसिड ओतायचं, बुडबुडे बघायचे, वहीत लिहायचं. आता पाण्यात टाकल्यावर फसफसायला खडा म्हणजे काय सोड्याची गोळी आहे?

काका कपाटाला टेकून, ओठ दाबून उभे. आत्ता गोंधळ उडणार, बाई हजेरीचं रजिस्टर टाकून धावत येणार, मग सगळे मिळून हसणार. एवढ्यासाठीच तर खटाटोप. दिवसभर लॅबमध्ये बोलायला कुणी नसतं, आणि बरण्या काही टाळी देत नाहीत.

गोंधळ उडालाच नाही. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्याने पाणी ओतलं आणि परीक्षानळीकडे ढुंकूनही न बघता लिहून टाकलं: बुडबुडे वेगाने आले. शेजारच्याने त्याचं बघून लिहिलं, मागच्याने शेजारच्याचं. दहा मिनिटांत वर्गातल्या वह्याच्या वह्या फसफसायला लागल्या. नळ्यांत खडे आपले आंघोळ करून गुमान पडलेले.

काकांचं हसू ओठातल्या ओठातच वाळलं.

शेवटच्या बाकावर एकटी बसलेली मुलगी मात्र नळी खिडकीकडे धरून बघत होती. तिने ती हलवली, कानाशी नेली, आणखी थोडं ओतलं. मग चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. काका सरकत सरकत तिच्यापाशी गेले.

"काय गं?"

"काका, मला सायन्स जमणारच नाही." तिचा आवाज रडवेला झाला होता. "सगळ्यांचं आलं. माझंच काही येत नाहीये."

"सगळ्यांचं आलेलं पाहिलंस तू?"

"पाहिलं ना. वहीत."

तिच्या वहीत पेन्सिलीने एकच ओळ होती: काहीच झालं नाही.

काका तिच्या कानाशी वाकले. "अगं, बाटलीत साधं पाणी आहे. मीच भरलंय. चाळिसांत तुझं एकटीचं बरोबर आहे, बघ." आणि ती आता हसेल म्हणून तसेच वाकून राहिले.

ती हसली नाही. तिने बाटलीकडे पाहिलं, मग समोरच्या पाठींकडे. सगळ्या पाठी लिहीत होत्या.

"तुम्ही बाईंना सांगणार?"

"तू सांग की. शिव्या मी खातो."

"नको." तिने खोडरबर उचललाही होता. "सगळ्यांचं चुकलंय म्हटल्यावर माझ्याशी बोलणार कोण?"

ओळ खोडून झाली. फुंकर मारून तिने चुरा उडवला, पेन्सिल सरळ धरली आणि हळूच विचारलं,

"काका, वेगाने आले असं लिहू, का सावकाश?"