टेरेलची मुलगी

शिकागोच्या त्या गरीब वस्तीतल्या मुलांना चर्चला न्यायला पास्टर लॉरेटा रिकामी व्हॅन घेऊन आल्या, तर गल्लीच्या तोंडाशीच टोळीतला टेरेल आडवा आला. त्याच्या कमरेला पिस्तूल असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी करकचून ब्रेक दाबला.

त्याने दार उघडलं आणि आपल्या चिमुरडीला आत बसवलं.

"हिला उद्यापर्यंत तुमच्याकडेच ठेवा, पास्टरबाई. आज या गल्लीत आणू नका."

"का रे? काय होणार आहे?"

त्याने एकदा गल्लीकडे वळून पाहिलं आणि व्हॅनचं दार लावून घेतलं.

सुसाट निघून जावं, असं बाईंना फार वाटलं. पण त्या खाली उतरल्या आणि पहिलंच दार बडवू लागल्या.

"आज सगळ्यांचं जेवण चर्चमध्ये! म्हाताऱ्यांनासुद्धा घ्या. आहात तसे निघा!"