अंगठ्याखालचं चिन्ह

पुलाच्या खांबावर धोक्याची रेघ म्हणजे शून्य. पाणी रेघेच्या जितके फूट खाली, तितका उणे आकडा. सकाळपासून काठावरच्या वस्तीचा जीव त्या आकड्यात अडकला होता.

पूर-मोजणी कार्यालयाच्या कर्ण्यातून आवाज आला, "घाबरू नका. सकाळी पाणी उणे नऊ होतं, आता उणे चारच आहे. आकडा उतरतोय. घरं सोडायची गरज नाही."

लोकांनी बांधलेली बोचकी पुन्हा सोडली. गणिताच्या बाईंनी मात्र बोचकं सोडलं नाही. त्यांच्या दारापुढे सकाळी बारा पायऱ्या कोरड्या होत्या, आता तीनच उरल्या होत्या. आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

बाईंनी मोजणी कार्यालयाला फोन लावला. "अहो, उणे नऊपेक्षा उणे चार मोठं असतं. पाणी चढतंय. आधी लोकांना हलवा."

पलीकडचा माणूस आवाज ओळखून हसला. "बाई, तुम्ही होय? मी तुमचाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. नऊपेक्षा चार लहानच की. केवल मूल्य माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा तुम्हीच तर युक्ती दिली होती. अजून विसरलो नाही."

दारापुढची आणखी एक पायरी दिसेनाशी झाली. बाईंनी विचारलं, "कुठली युक्ती?"



"उणेच्या चिन्हावर अंगठा ठेवायचा, आणि नुसता आकडा बघायचा."