सात नंबरचा सेट

“गुंडूमामांच्या वॉकीटॉकीचा कोड चुकला होता, मावशी. मीच चुकवला,” फरहीन एका दमात बोलून गेली. हातातला चहाचा कप खाली ठेवायचंही तिला सुचेना.

समोर पाटावर शालूबाई बसली होती. तिच्या नवऱ्याला, गुंडूला, जाऊन तीन आठवडे झाले होते. ज्या काजू कारखान्यात त्याचा जीव गेला, तिथंच तीही काजू सोलायला जायची.

फरहीन कोल्हापुरातून सकाळच्या एसटीने आजऱ्याला आली होती. कारखान्याने सगळे वॉकीटॉकी तपासायला बोलावलं होतं, पण ती आधी या घरी आली. वडिलांच्या दुकानात वॉकीटॉकीचं प्रोग्रॅमिंग तीच करायची. गेले तीन आठवडे तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात. हिनं कुणाचं काही खाल्लं नव्हतं, तरी खवखवायचं थांबत नव्हतं.

“कोड चुकला म्हंजे काय, पोरी?” शालूबाईने विचारलं. “मला त्यातलं काय कळतंय?”

“तुमच्या कारखान्याचे आठ सेट होते. आतला कोड जुळला, तरच एकाचं दुसऱ्याला ऐकू येतंय. सहा सेट केले आणि बहिणीचा फोन आला, तिच्या लग्नातल्या साडीच्या रंगावरनं भांडत बसलो आम्ही. त्या नादात शेवटच्या दोन सेटात दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा कोड गेला.”

“मग तपासलं न्हाईस?”

“तपासलं की. ते दोनच हातात घेऊन बोलून बघितलं. एकमेकांत झकास ऐकू येत होतं. बाकीच्या सहांबरोबर लावून बघितलंच न्हाय.”

ते सेट सात आणि आठ नंबरचे. सात नंबर गुंडूच्या वाट्याला आला. सेट वाटून अर्धा दिवसही झाला नव्हता, तोच अडीचच्या सुमारास गोदामात कच्च्या काजूच्या पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली. बाहेर यंत्रांचा खडखडाट एवढा, की माणूस कितीही ओरडला तरी ऐकू जायचं नाही. सेट घेतले होते ते त्यासाठीच. चार वाजता पोती हलवली, तेव्हा सेट त्याच्या मुठीत होता आणि अंगठा बटणावर. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी जीव होता.

पोत्यांच्या ढिगाखालून आवाज पोचला नसेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. फरहीनने मात्र बातमी कळताच दुकानातल्या लॅपटॉपवर जुनी नोंद उघडली, आणि शेवटच्या दोन सेटांचा चुकलेला कोड तिला दिसला.

“तासभर हाका मारत असणार ते, मावशी. कुणालाच ऐकू गेलं न्हाय. माझ्यामुळं.” तिला रडू आवरेना.

शालूबाई उठून जवळ आली. तिने पदराने फरहीनचे डोळे पुसले. तिचं डावं मनगट मोडून वाकडं जुळलेलं होतं, बोटं काजूच्या चिकाने काळी पडली होती.

“रडू नगंस. आमच्या लेकीएवढी, पूर्णिमाएवढी असशील तू. झालं ते झालं. रडून माणूस परत येतंय व्हय?”

“मला शिव्या तरी द्या, मावशी.”

“शिव्या लई ऐकल्या ह्या घरानं. आता नगं.” मग तिने विचारलं, “हे आणि कुणाला बोललीस?”

“न्हाय. अब्बांना पण न्हाय. आता कारखान्यात सांगणार हाय.”

“सांगू नगंस. तुझ्या बापाचं दुकान बसंल. मी बायको असून माफ केलं, मग बाकीच्यांनी कशाला पंचाईत करायची? गुमान कोड नीट कर आणि घरला जा.”

फरहीनने तिचे दोन्ही हात धरले. दारातून हाकलून दिलं असतं तरी तिने निमूट ऐकून घेतलं असतं, आणि इथं तर तिच्याच बापाच्या दुकानाची काळजी केली जात होती. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं म्हणत ती कारखान्याची वाट चालू लागली. पण जसजशी पुढे गेली, तसतशी तिची तिलाच लाज वाटायला लागली. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईच्या पदराआड लपायचं? ते काही तिच्या मनाला पटेना.

कारखान्याची सुपरवायझर अनुजा हिने कुलपातले आठही सेट टेबलावर मांडले. त्या दिवसापासून कुणी त्यांना हात लावला नव्हता. फरहीनने लॅपटॉप उघडून एकेकाला केबल जोडली. सहा सेट बरोबर निघाले. सातव्याचा कोड चुकलेला. आठव्याचाही तोच.

“मॅडम, हे बघा,” तिने लॅपटॉप अनुजाकडे वळवला. “चूक माझी हाय. गुंडूमामांचं बोलणं फक्त ह्या आठ नंबरवर ऐकू आलं असतं. आणि हा बहुतेक कपाटातच पडून होता, न्हाय का?”

“कपाटात कशाला? सोलणीच्या शेडात शालूबाईकडं दिलता की तो,” अनुजा म्हणाली. “पावणेतीनला बंद करून माझ्या टेबलावर आणून ठेवला तिनं. म्हणाली, ठेवा बाई हा तुमच्याकडंच, मघापासनं नुसती किरकिर लावलीया.”