एकही खाडा नाही

"अप्पा, नोकरी हुकली हो!" मोबाइल बघत कुंदा म्हणाली. शाळेतली हजेरी बघून आता सरकारी यंत्रणाच नोकऱ्या वाटायची. "मोरेश्वर खंडागळेला दिली. पहिलीपासून एकही खाडा नाही म्हणे. माझ्याच वर्गातला, मग मला कसा आठवत नाही?"

तिच्याच शाळेचे निवृत्त हेडमास्तर असलेल्या अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. पटसंख्येअभावी शाळा बंद पडू नये म्हणून त्यांनीच हा पोरगा हजेरीपटावर जन्माला घातला होता. त्याची आई कधी आजारी पडली नाही. कुंदाचे सगळे खाडे आईच्या उशाशी बसण्यात गेले होते.

"तक्रार करू?"

मोरेश्वर खोटा ठरला, तर यंत्रणा शाळेची मान्यताच पहिल्यापासून रद्द करणार, आणि शाळेबरोबर कुंदाचं शिक्षणही.

"नको गं," अप्पा म्हणाले. "मागच्या बाकावर बसायचा. गुणी पोरगा होता."