खिळ्यांचे बूट

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी बुलढाण्याला धावण्याची शर्यत ठेवली होती. पळायचं तर खिळ्यांचे बूट लागतात, एवढंच गुरुजींनी पुंजाजीला सांगितलं. लोकांच्या चपलांतले टोचणारे खिळे जन्मभर ठोकून बसवणाऱ्या खामगावच्या मोच्यालाही उमजेना. "टोकं आत ठेवू का बाहीर?"

पुंजाजी गोंधळला. मग त्याला आपले बैल आठवले. पराणीचा खिळा टोचल्याशिवाय त्यांनी कधी धाव घेतली होती?

"आतच ठेवा, भाऊ."

शर्यतीत तो पहिला आला. बक्षीस म्हणून त्याला दुकानातले नवेकोरे खिळ्यांचे बूट मिळाले. रक्ताळल्या पायांनी उभा राहून तो ते बराच वेळ उलटेपालटे करत राहिला.

"गुरुजी, यायचे खिळे तं बाहीर हायेत. मंग हे टोचतात कोणाले?"